मासेमास्तरांची रेघ

मासेमास्तरांनी उभ्या जन्मात मासा तोंडात घातला नाही, आणि माशाखेरीज दुसरा विषयही फारसा तोंडी येऊ दिला नाही. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं वर्ज्य. जानव्याला एक किल्ली बांधलेली असे, ती प्रयोगशाळेतल्या कपाटाची. आणि कपाटात काय, तर पांझरा नदीतल्या मरळ माशांचे वाळवलेले तुकडे! दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. धुळ्याच्या आमच्या शाळेत ते शास्त्र शिकवायचे आणि मी संस्कृत.

माझा वर्ग आणि त्यांची प्रयोगशाळा यांच्यामध्ये एक दार होतं, ते कधी नीट लागत नसे. मी इकडे कमळाच्या सुगंधाचा श्लोक घ्यावा आणि तिकडे मास्तरांनी स्टोव्ह पेटवावा, असा आमचा ऋणानुबंध. सोनगीरहून घडवून आणलेल्या तांब्याच्या पातेल्यात पाणी खळखळायचं आणि वरच्या चिनी मातीच्या बशीत मासा वाळायचा. पोरं नाक दाबून श्लोक म्हणत. एका वर्षात माझ्या वर्गातले सगळे अनुस्वार बुडाले.

"पंडित, ऋतू काय फक्त झाडांनाच असतात?" मास्तर मला विचारायचे. त्यांचं म्हणणं असं, की उन्हाळ्यात मासा अंगात चरबी साठवतो. आषाढ-श्रावणात अंडी घालण्यात ती खर्ची पडते आणि तिची जागा पाणी घेतं. "वरून बघाल तर मासा तोच. आतून मात्र सावकाराचा भिकारी झालेला." माणसांकडेही ते याच नजरेनं बघत. मला एकदा भर शिक्षकांच्या खोलीत म्हणाले, "पंडित, लग्नसराईत तुमची चरबी चढते हे ठीक. श्रावणात ती उतरायला हवी. तुमची उतरत नाही. हा साबुदाण्याचा दोष."

हसण्यावारी नेण्यासारखं हे प्रकरण नव्हतं. मुंबईच्या एका प्रोफेसरांनी त्यांना सांगितलं होतं, की दर महिन्याच्या माशांतली चरबी मोजून बारा महिन्यांच्या आलेखाची रेघ पुरी करून आणा, शास्त्रज्ञांच्या सभेत वाचू. मास्तर नुसते इंटर पास. दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवता शिकवता केस पांढरे झालेले. आपण स्वतः शोधलेली एक तरी गोष्ट जगात असावी, एवढी एकच हाव या निर्लोभी माणसाला होती.

घरी वहिनींचा कायदा कडक होता. मागच्या दारानं यायचं, आडावर आंघोळ करायची, आणि मगच घरात हाक मारायची. गल्लीत बोलवा अशी, की मास्तर चोरून खातात. श्राद्धपक्षाची आमंत्रणं हळूहळू बंद झाली. आमंत्रण कुणाचं राहिलं होतं, तर मांजरांचं. ती त्यांना शाळेपासून घरापर्यंत पोचवायला येत. वहिनी एकदा माझ्यासमोर वैतागून म्हणाल्या, "खात असते तर एक वेळ परवडलं असतं हो भावोजी! निदान अंगाला तरी लागलं असतं."

हेडमास्तरांनी एका वर्षाची मुदत दिली होती. पुढे वास आला तर स्टोव्ह जप्त. कार्तिकात रेघ सुरू झाली. भिंतीवरच्या कागदावर दर महिन्याला एक ठिपका चढायचा. आषाढात तो खाली यायला हवा होता, आला नाही. श्रावण सपाट. भाद्रपदात तर किंचित वरच! मास्तरांचं जेवण तुटलं. "मासे खोटं बोलणार नाहीत, पंडित. मीच कुठंतरी चुकतोय," एवढंच म्हणत राहिले. मला राहवेना. मी त्यांना हाताला धरून पांझरेवर नेलं, जिथं ते मासे घ्यायचे तिथं.

मथुराबाई भोईण टोपली घेऊन बसली होती. मास्तरांना बघून पदर सावरत उठली. "या मास्तर! तुमना मासा न्यारा काढी ठेयेल शे."

"न्यारा म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"बठ्ठास्मा जाडा! पोट दाबी दाबी देखस मी, मंग तुमनाकरता ठेवस."

"सगळ्यांत जाडा? दर महिन्याला?"

"मंग! या दिनस्मा रोडका मासा बजारना लोकेसले. गुरुजीले रोडका देऊ का? माले पाप लागी!"

मास्तर काठच्या दगडावर मटकन बसले. वर्षभर भिंतीवर चढली ती रेघ माशांची नव्हतीच, मथुराबाईच्या आदराची होती. त्या माउलीवर रागवायचं तरी कसं? थोड्या वेळानं मास्तर हसायला लागले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले.

पुढच्या वर्षी मासे आपल्या हातानं, डोळे मिटून घ्यायचे, असं त्यांनी ठरवलं. मथुराबाई याला तयार होईना. मास्तर टोपलीतून वाटेल तो मासा घेऊन गेले तर तिची अब्रू जाणार होती. बरीच घासाघीस होऊन तह झाला. शास्त्राचे मासे मास्तरांनी डोळे मिटून उचलायचे, आणि वर मानाचा एक जाडा मासा ती देईल तो निमूट न्यायचा. मानाचा मासा शाळेच्या शिपायाकडे जाऊ लागला. शिपायाची रेघ सगळे ऋतू वरच चढत राहिली.

पण मुदत? हेडमास्तरांनी मला बोलावलं, कारण वासाचा पहिला मान माझा. "पंडित, तुमचं म्हणणं काय? स्पष्ट सांगा." मी म्हणालो, "मला वास येत नाही. जुनाट पडसं आहे." झालं! त्या एका वाक्यापायी मी वर्षभर मफलर गुंडाळून, रुमालात शिंकत हिंडलो. धुळ्याच्या वैशाखात मफलर! बायकोनं ओव्याचे काढे पाजले ते निराळेच. पण स्टोव्ह वाचला.

त्या वर्षी आषाढात रेघ खाली आली. मधलं दार ढकलून मास्तर माझ्या वर्गात शिरले, "पंडित, उतरली!" म्हणून ओरडले आणि माझ्या पोरांना परस्पर सुट्टी देऊन मोकळे झाले. श्रावणात ती आणखी उतरली. एवढा आनंद मी दुसऱ्या कुठल्या माणसाच्या तोंडावर पाहिलेला नाही.

भाद्रपदाचा ठिपका लावला आणि मास्तरांनी अंथरूण धरलं. गाल बसले, पाय सुजले. मी भेटायला गेलो तर पांघरूण बाजूला करून पाय दाखवत म्हणाले, "बघा, चरबी उतरली, पाणी चढलं. शास्त्र बरोबर निघालं." मी त्यांच्यावर खेकसलो. मग ते हळूच म्हणाले, "आश्विन तेवढा राहिला, पंडित."

आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी माशाला शिवलं नसेल. मी उपरणं सावरून पांझरेवर गेलो, डोळे मिटले आणि टोपलीत हात घातला. काहीतरी थंडगार वळवळलं. मी रामनामाचा गजर केला, पण मासा सोडला नाही. मथुराबाईनं विचारलं, "मास्तरनी तब्येत कशी शे?" मी मासा उपरण्यात गुंडाळू लागलो. मानाचा मासा टोपलीतच ठेवत ती म्हणाली, "मानना मासा त्या सोता येतीन तधय देसू."

मास्तरांनी अंथरुणावरून सांगावं आणि मी प्रयोगशाळेत तसं करावं, असं चाललं. बोटं भाजली, एक बशी फुटली, पण आकडा निघाला. ठिपका लावून मी कागद गुंडाळला आणि तडक त्यांच्या घरी गेलो. मागच्या दाराचं भान राहिलं नाही. वहिनींनीच पुढचं दार उघडून दिलं.

मी कागद त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांना नीट दिसत नव्हतं.

"कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"वर. भाद्रपदापेक्षा बरीच वर."

"अंग धरायला लागले," मास्तर म्हणाले. "मग मासे बरे आहेत." आणि समाधानानं कुशीवर वळले.

दिवाळीच्या आतच ते गेले. पुढे मुंबईच्या सभेत त्यांची रेघ त्यांच्या नावानं वाचली गेली. नंतरच्या कार्तिकात मी उगाचच पांझरेवर गेलो. टोपलीतले मासे चांगले गुटगुटीत होते. ते बघून मला आनंद व्हायला हवा होता, पण मला त्यांचा राग आला.