मुद्देमालातला हिरवा ट्रक

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता चोर कोणत्या गावचा हे सांगायला गेलो, तर बायकोच मला दुरुस्त करते. हिरव्या ट्रकची घटना मात्र जशीच्या तशी आठवते, आणि नको असताना आठवते.

मी तेव्हा सोलापुरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका मोठ्या नेत्याचा दौरा तोंडावर आला होता. बंदोबस्त म्हणजे ठाण्याची लगीनघाई. रजा बंद, वायरलेसचा कलकलाट, आणि ज्याने शेजाऱ्यावर डूख धरलेला असतो तो नेमका तेव्हाच फोन करतो. तसा एक निनावी फोन आला. "अक्कलकोट रोडच्या बाजूला वस्तीत पत्र्याचं शेड हाय. तितं मिलिट्रीचा ट्रक लपवलाय. सारखं वेल्डिंग चालू असतंय, हिरवा रंगबी मारलाय. बघा बाबा, दौरा हाय."

स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि दोन अंमलदार, दोन पंच घेऊन गेलो.

ट्रक खरोखरच होता. जुना, उंच चाकांचा, लष्करी हिरव्या रंगात नुकताच न्हाऊन निघालेला. केबिनमध्ये एक बाई मेथी निवडत बसली होती. तिच्या बाजूच्या दाराखाली एक बुटकी लाकडी पायरी बसवली होती, सीटवर गादी होती. ट्रकच्या खालून एक म्हातारा सरपटत बाहेर आला. हात ग्रीसने माखलेले. त्याने टाचा जुळवल्या आणि आधी आपला फौजी नंबर सांगितला, मग हुद्दा, मग नाव. सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातून सैन्यात गेलेला, तिथे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला. वस्तीत त्याला सगळे फौजीआण्णा म्हणत. केबिनमधली बाई त्याची बायको.

लष्करातून बाद झालेले ट्रक लिलावात विकले जातात, त्यात गैर काही नाही. पण हा हिरवा रंग खाजगी गाडीला देता येत नाही. त्याहून मोठी गोष्ट चेसिसवर होती. तिथे ठोकलेल्या नंबराचे आकडे वरखाली पडले होते आणि भोवतीचं लोखंड ग्राइंडरने घासलेलं होतं. चोरीच्या गाड्या पाहून पाहून आमची नजर पक्की झालेली असते. पंचनामा केला, ट्रक जप्त केला आणि आण्णांना ठाण्यात आणलं.

"हा नंबर कोणी पाडला?" मी विचारलं.

"कुणी पाडला म्हंजे? त्यो पैल्यापासनं हाय."

"आण्णा, मला शिकवू नका. हा मागाहून पाडलेला आहे. ट्रक कुठून उचलला?"

फौजेत आयुष्य काढलेल्या माणसाला कोणी चोर म्हटलं नसेल. त्यांचा चेहरा उतरला. टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यांनी बाजूला सारला आणि म्हणाले, "ती माझ्या पोराची गाडी हाय, साहेब."

हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांचा एकुलता एक मुलगाही सैन्यात ड्रायव्हर होता. डोंगराळ भागात त्याचा ट्रक दरीत गेला. तो गेला आणि त्याच्याबरोबर करकंबकडचा त्याचा जिवाभावाचा दोस्तही गेला. चौकशीत ठपका ड्रायव्हरवर आला: वेग जास्त, ब्रेक वेळेवर मारला नाही. दोस्ताची आई भर सुतकात आण्णांच्या दारात येऊन म्हणाली होती, "तुमच्या पोरानं माझ्या पोराला मारलं." त्या दिवसापासून आण्णांच्या बायकोने बाहेर पडणं सोडलं.

मग आण्णांनी ध्यास घेतला की तो ट्रक शोधायचा. बाद झालेल्या लष्करी गाड्यांचे व्यवहार करणाऱ्या प्रत्येक दलालाकडे ते फिरले. शेवटी एकाने ट्रक आणून दिला. चेमटलेला, टायर नसलेला. पेन्शन त्यात घालून आण्णांनी तो एकेक नट सोडवून उभा केला. तो चालवायचा होता म्हणून नव्हे. पोराने ब्रेक मारला होता की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं.

"आणि सापडलं, साहेब," ते म्हणाले. कोटाच्या खिशातून त्यांनी फडक्यात गुंडाळलेला बोटाच्या जाडीचा पाइप काढला. "ब्रेकचा पाइप. आतनं कुजलाय, बघा. तेनं ब्रेक मारला हुता. लागलाच न्हाय."

हा पाइप घेऊन नवराबायको करकंबला गेले होते. दोस्ताच्या आईने पाइप हातात घेतला आणि आण्णांच्या बायकोच्या गळ्यात पडून रडली. तेव्हापासून ती अधूनमधून सोलापूरला येई. दोघी केबिनमध्ये शेजारी शेजारी बसत. ती पायरी त्यासाठी होती, दोघींचे गुडघे धरलेले होते.

मी चहा मागवला. आण्णा खरं बोलत होते याबद्दल मला शंका उरली नव्हती. तरीही नंबर घासलेला होता, आणि घासलेला नंबर खोटं बोलत नाही. शेवटी मी विचारलं, "आण्णा, दलालाकडे गेलात तेव्हा काय विचारलंत?"

"नंबर सांगितला की. ह्या ह्या नंबराची गाडी आलीया का म्हून."

"प्रत्येकाला?"

"व्हय. बिननंबराचं कसं कळंल त्यांना?"

चोरीचा माल ओळखायला फिर्यादी येतो तेव्हा आम्ही खूण कधी सांगत नाही. तूच सांग, मग आम्ही बघतो, असं म्हणतो. खूण आधी सांगितली की कोणतीही वस्तू कोणाचीही होते. पण फौजेत आधी नंबर, मग बाकी सगळं. आण्णा आयुष्यभर तसेच बोलत आले होते आणि तसेच बाजारात गेले. त्यातून गरजवंताला अक्कल नसते, हे दलालाइतकं कोणाला ठाऊक असणार?

न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल आला. घासलेल्या लोखंडावर तेजाब लावलं की खालचा मूळ नंबर पुसटसा वर येतो. तो वर आला, आणि तो आण्णांनी सांगितलेला नव्हता, दुसराच होता. लष्कराकडे पत्रव्यवहार केला. मूळ नंबराचा ट्रक सपाटीवरच्या कुठल्याशा डेपोत धान्य वाहत म्हातारा झाला होता, डोंगर त्याने पाहिलाही नव्हता. मुलाचा ट्रक तर अपघातानंतर जागेवरच कापून भंगारात गेला होता. ब्रेकचा पाइप वगैरे काही आता या जगात नव्हतं.

दलालाला उचललं. दोन थपडांच्या आधीच बोलला. चोर तो चोर आणि वर शिरजोर.

"म्हाताऱ्याला तोच ट्रक पायजे हुता, साहेब. मी दिला की. चार वर्सं खूश हाय त्यो. तुमी कशाला उकरून काढताय?"

मी त्याला कोठडीत घातलं.

आण्णांना बोलावलं आणि सगळं सरळ सांगितलं. असल्या गोष्टी गोड करून सांगता येत नाहीत. ते रडले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त विचारलं, "मंग ह्यो पाइप?"

"दुसऱ्या ट्रकचा, आण्णा. जुन्या गाडीचा पाइप कुजतोच."

"म्हंजे तेनं ब्रेक मारला का न्हाय..."

"ते आता कोणालाच कळणार नाही."

त्यांनी फडकं उलगडून पाइप माझ्या टेबलावर ठेवला. "मुद्देमालात घ्या," म्हणाले. दारापर्यंत गेले आणि परत आले. "साहेब, हिला सांगू नका. त्या करकंबच्या माउलीलाबी नको. केस पोराच्या बाजूनं चाललीया, असंच कळू द्या."

फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र गेलं. तपास उत्तम झाला म्हणून वरून शाबासकीही आली. आण्णांनी मात्र पुन्हा पाना हातात धरला नाही. शेडमध्ये खाट टाकून रिकाम्या जागेकडे बघत पडून राहायचे. पुढच्या उन्हाळ्यात गेले. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. मी काय सांगणार?

ट्रक ठाण्याच्या मागच्या आवारात उभा राहिला. मुद्देमालाची जी गत होते तीच त्याची झाली. टायर बसले, हौद्यात वेडी बाभळ उगवली, हिरवा रंग पापुद्र्यांनी सुटू लागला.

मी निवृत्त झालो तरी खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रपूजेला बोलावतात. बंदुका, काठ्या, जीप, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा. गेल्या खंडेनवमीला पूजा आटोपली आणि मागच्या आवारातून नारळ फुटल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर ट्रकपाशी दोन म्हाताऱ्या. आण्णांची बायको आणि करकंबची ती आई. दरवर्षी येतात, असं अंमलदार म्हणाला.

लाकडी पायरी कुजून मोडली होती. मला बघून आण्णांची बायको म्हणाली, "साहेब, जरा हात द्या की."

मी तिला वर चढवलं. तिने केबिनमध्ये वाकून ब्रेकचं पायडल पदराने पुसलं आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. खाली उभी असलेली दुसरी म्हातारी हात जोडून म्हणाली, "लई जोरात दाबलं असंल गं लेकरानं."

"व्हय की," ही म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "साहेब, निकाल कधी लागायचा? कोर्टानं एकदा म्हटलं, पोराची चूक न्हवती, की मी सुटले."

"लागेल, मावशी," मी म्हणालो.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं मला तरुण अधिकारी विचारतात. तपास अर्धवट सोडू नये, हेच मी सांगतो. निकाल लागेल तेव्हा भर कोर्टात वाचला जाईल की हा ट्रक तो नव्हेच, आणि ते ऐकायला दोघी पुढच्या बाकावर बसलेल्या असतील. खटल्यांना तारखांवर तारखा पडतात म्हणून मी जन्मभर न्यायालयांच्या नावाने बोटं मोडली. आता दर तारखेला सकाळी जुन्या ठाण्यात फोन करतो, आणि पुढची तारीख पडली असं कळलं की मगच माझ्या घशाखाली घास उतरतो.