माघारी गेलेली ॲम्ब्युलन्स

असले अनुभव मी आजवर वाचत आलो ते चुका काढायला. कुणी लिहिलं, "अचानक लाईट गेली...", की मी म्हणायचो, आमच्याकडं रोजच जाती, त्यात काय! एकोणतीस वर्षं एसटीत कंट्रोलर होतो मी. गाडी किती वाजता लागली आणि किती वाजता सुटली, याच्यापलीकडं कशावर विश्वास ठेवायची सवयच नाही. म्हणून जे झालं ते वेळेसकट लिहितो. कुणाला पटवायचं नाही. तेवढं त्राणही उरलेलं नाही आता.

मी मानवतचा. बायको महानंदा. तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला तेव्हाच तो लिव्हरपर्यंत पोचलेला. परभणीचे डॉक्टर मला बाजूला घेऊन सांगायला लागले, तर ही म्हणाली, "इथंच सांगा की डॉक्टर. दुखणं माझं हाय, ह्यांचं न्हाई." डॉक्टरांनी सांगितलं. दोन-तीन महिने. बरं करायचं औषध नाही, दुखू नये एवढंच बघायचं, घरी न्या.

इथं एक गोष्ट सांगावी लागंल. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, हातात इष्टलिंग देतात आणि तसंच बसलेलं माती देतात. जीव गेला की अंग गरम आहे तोवर बसवून घ्यावं लागतं. उशीर झाला की अंग ताठतं. महानंदाच्या वडिलांचं तसंच झालं होतं. ते मोठ्या शहरातल्या दवाखान्यात वारले, कागदपत्रं होऊन घरी आणेपर्यंत संध्याकाळ झाली. मग चौघांनी गुडघे दाबून त्यांना बसवलं. ही तेव्हा दारात उभी होती. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण तो प्रसंग तिनं मला एकदाच सांगितला.

दवाखान्यातून आल्यावर आठवडाभरानं दुपारी तिनं मला जुनी डायरी घेऊन बसवलं.

"लिवा. नाकात नळी न्हाई. मशीन न्हाई. काय बी झालं तरी दवाखाना न्हाई. मी ह्याच घरात जाणार. आन् गेले की लगेच बसवायचं मला. माझ्या बाबावानी आडवं आणायचं न्हाई."

मी लिहीत होतो.

"आन् तुमच्या बहिणीनं दिलेली ती जांभळी साडी नेसवू नका. लय टोचती. वर जाऊन बी खाजवीत बसावं लागंल."

मला हसू आलं, आणि हसता हसता जे रडू फुटलं ते थांबेना. ती म्हणाली, "रडून घ्या आत्ताच. मागनं टाईम भेटायचा न्हाई तुमाला." मग हात पुढं केला. मी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

पुढचे अडीच महिने काय सांगू... गोळ्यांच्या वेळा, कूस बदलणं, पाठ पुसणं, चमच्यानं पेज. एवढंसं पाणी पोटात राहिलं तरी मला सणासारखं वाटायचं. माणूस दमतो हो. माया असली तरी दमतो. कधीकधी मनात यायचं, सुटावी एकदाची बिचारी. आणि लगेच स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटायची.

शेवटच्या चार दिवसांत तिची वाचा गेली. डोळे मिटलेले, हाक मारली तर पापणी हलायची, तेवढंच. तिची धाकटी बहीण सोबतीला होती, ती त्या सकाळी आठच्या गाडीनं पाथरीला स्वतःच्या घरी एक चक्कर मारायला गेली. घरात मी आणि महानंदा, दोघंच.

दहाच्या सुमारास तिचा श्वास बिघडला. घरघर व्हायची, मग थांबायचा... मला वाटायचं गेली... मग परत सुरू. तेवढ्यात महेशचा, आमच्या मुलाचा, पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. आईची ती अवस्था बघून पोरगं ओरडायलाच लागलं. "पप्पा, बघत काय बसलात! ॲडमिट करा तिला! असं मरू द्यायलात का तुम्ही?"

त्या एका वाक्यानं माझं अवसान गळालं. डायरी, शब्द, सगळं विसरलो. परभणीला ओळखीच्या कंपाउंडरला फोन करून ॲम्ब्युलन्सचा नंबर घेतला आणि ड्रायव्हरला लावला. दहा वाजून बावीस मिनिटं. रहीमभाई नावाचे गृहस्थ होते. म्हणाले, "निघालोच सर. पाऊण तासात पोचतो."

मग मी तिच्याजवळ येऊन बसलो. ओल्या कापसानं ओठ पुसत होतो आणि मनगटावरच्या घड्याळात तिचा श्वास मोजत होतो. किती सेकंद चालतो, किती सेकंद थांबतो. सवय, दुसरं काय. त्या सगळ्या वेळात मी तिथून उठलो नाही. हे ध्यानात ठेवा.

सव्वाअकरा झाले तरी गाडीचा पत्ता नाही. डोकं फिरलं माझं. फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. रहीमभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, तुमच्या घरूनच फोन आला ना! मी मानवत रोड स्टेशनपर्यंत आलतो, तिथनंच माघारी फिरलो."

"कुणी केला फोन?"

"बाईसाहेब बोलल्या की. म्हणल्या, 'भाऊ, येऊ नका, माघारी जावा. आमचे साहेब जरा घाबरलेत, त्यांचं मी बघते. तुमाला उगंच हेलपाटा झाला. चहाला या म्हणले असते, पर आज घरात कोनी करायला न्हाई.'"

मी फोन ठेवून दिला.

साहेब! कंडक्टर लोक मला साहेब म्हणायचे म्हणून परक्या माणसापुढं ती मला चिडवायला "आमचे साहेब" म्हणायची. आणि दारातून कुणाला बिनचहाचं पाठवायचं तर तिच्या जिवावर यायचं.

मी तिच्याकडं बघितलं. तशीच पडलेली. पण तेव्हा मला कुणी हलवून जागं केल्यासारखं झालं. दुसरी ॲम्ब्युलन्स बोलावली नाही. महेशचे फोन येत होते, उचलले नाहीत. कॉटवर चढलो, भिंतीला टेकलो आणि तिला उचलून माझ्या छातीशी बसती केली. वजन कसलं, नुसती हाडं. बसल्यावर घरघर थांबली. अकरा चाळीसला श्वास थांबला, तो परत आला नाही. शेजारच्या बायकांना हाक मारली. अंग गरम होतं. मांडी अलगद वळली, कुणालाच जोर करावा लागला नाही.

महेश पोचला तेव्हा ती भस्म लावून, हिरव्या इरकलीत शांत बसलेली होती. तो माझ्या पायाशी बसून ढसाढसा रडला.

चौथ्या दिवशी रहीमभाई भेटायला आले. त्यांनी मोबाईल दाखवला. दहा वाजून एकावन्न मिनिटं, कॉल एक मिनिट बारा सेकंद. नंबर महानंदाचा. तिचा फोन कपाटात बंद होता, तिला धरवेना म्हणून मीच ठेवलेला. रिचार्ज संपून दीड महिना झालेला, त्यावरून फोन लागणारच नव्हता. चार्ज करून बघितला. त्यात त्या दिवशीचा एकही कॉल नाही. आणि रहीमभाईंचा नंबर माझ्याशिवाय घरात कुणाकडं असायचं कारणच नव्हतं. महेश म्हणाला, नेटवर्कचा काहीतरी एरर असंल. असंल बाबा. पण एररला चहाचं कुठून कळलं?

हे झालं कसं, मला माहीत नाही. शोधायची ताकदही नाही. सगळं गाव म्हणतं, साहेबांनी बायकोला दिलेला शब्द पाळला. मी मान खाली घालून ऐकतो. मी तो मोडला होता, हे आज पहिल्यांदा लिहितोय. पाळून घेतला तिनं.

आणि खरं सांगू? मला राग येतो. चार दिवस मी तिच्या तोंडाकडं बघत बसलो होतो, एक शब्द बोल म्हणून. बोलली ती कुणाशी, तर एका परक्या माणसाशी. रहीमभाई निघाले तेव्हा मी त्यांना फाटकात गाठलं आणि विचारलं, आवाज कसा होता हो तिचा? दुखत होतं का?

ते म्हणाले, "न्हाई सर. चांगला ठणठणीत आवाज होता."