वीस पावलं

माझा नवरा नाझारिओ कोल्के तोंडाचा फाटका होता, पण गप्पांत त्याचा हात धरणारा अख्ख्या पोतोसी शहरात सापडला नसता. तीस वर्षं त्यानं आमच्या डोंगरात चांदी आणि जस्त खणलं. छातीत दगडाची धूळ बसली, टिकाव उचलवेना, तेव्हा परदेशी लोकांना शहर आणि खाण दाखवायला लागला. मी त्याच खाणीची राखणदार. तोंडाशीच आमची खोली, पण खाणीचा उंबरा मी कधी ओलांडला नाही. बाई आत गेली की खडकातली धातूची शीर रुसते, आटून जाते, असं आमचे पुरुष मानतात. मीही मानत होते, खोटं कशाला बोलू?

त्या रविवारी मार्लीस नावाची एक परदेशी बाई आली. सकाळभर नाझारिओनं तिला जुनी टांकसाळ दाखवली, दोन चर्च दाखवली, बाजारात शेंगदाण्याचं सूप पाजलं. दुपारी दोघं वर आले तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते.

"आज आत जाऊ नकोस रे," मी म्हटलं. "रविवार आहे, आत चिटपाखरू नाही."

"म्हणजे मालक एकटाच असेल. त्याला सिगारेट कोण देणार, तुझा बाप?" आत बसवलेल्या शिंगवाल्या मातीच्या मूर्तीला तो मालक म्हणायचा.

"आणि ही? ही बाई नाही का?"

"परदेशी बायका बायकांत धरत नाहीत, सबिना!"

तो हसला, हसता हसता खोकला, गालात दम टिकवणारी कोकाची पानं कोंबली आणि तिला घेऊन आत गेला.

तासाभरानं मार्लीस एकटीच धावत बाहेर आली. "तो मालकापाशी खाली बसलाय! श्वास घेता येत नाही. मला एकटीला उचलवत नाही. चल, दोघी मिळून आणू!"

मी उंबऱ्यापर्यंत गेले. एक पाय उचललासुद्धा. पण त्या शिरेवर माझ्या भावाचं आणि आणखी तेरा घरांचं पोट होतं. शीर आटली तर सगळे माझ्याकडेच बोट दाखवणार.

"मी पुरुषांना आणते," मी म्हटलं.

"पुरुष कशाला? तू आहेस ना इथे!" ती किंचाळली.

मी उतारावरून वस्तीकडे पळत सुटले. भावाला आणि आणखी तिघांना गोळा करून वर यायला पाऊण तास गेला. तोवर मार्लीसनं त्याला एकटीनं ओढत खाणीच्या तोंडापासून वीस पावलांवर आणलं होतं. तिथं तिचं बळ संपलं. पुरुषांनी त्याला बाहेर आणलं तेव्हा अंग अजून गरम होतं. श्वास मात्र नव्हता.

"सारखा विचारत होता," मार्लीस रडत म्हणाली, "'सबिना आली का?'"

पुढे चार महिन्यांत शीर आटलीच. भाऊ म्हणाला, "ती बाई शिरली ना आत, मग दुसरं काय होणार?"

"मेल्या, परदेशी बायका बायकांत धरत नाही ना तुम्ही?" मी विचारलं.

आता मालकाच्या वारी, दर शुक्रवारी, त्याची सिगारेट घेऊन मीच आत जाते. वीस पावलं मोजते आणि आधी तिथं बसते. "आले रे," म्हणते. मला कुणी अडवत नाही.