एकदाच विचारलं

ऐंशीच्या दशकात मी कॅलिफोर्नियात माहितीपटांचा साउंड रेकॉर्ड करायचे. आमच्या युनिटमध्ये एक जपानी बाई कॅमेरा असिस्टंट होती. तिच्याकडच्या स्टुडिओत म्हणे बायकांनी फार तर कंटिन्युइटी सांभाळायची, म्हणजे आधीच्या शॉटमध्ये काय कुठे होतं ते टिपून ठेवायचं. कॅमेऱ्याला हात लावला की जणू विटाळ! म्हणून ही अमेरिकेत आली, आणि इथेही वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यात फिल्म भरत, फोकस सांभाळत राहिली. तिला स्वतः शूट करायचं होतं, पुढे दिग्दर्शन करायचं होतं. दुसरा विषयच नव्हता बाईला.

एकदा स्ट्रॉबेरीच्या मळ्यात शूटिंग होतं. सकाळीच कॅमेरामनची पाठ धरली, त्याला घरी पाठवलं. आमचा दिग्दर्शक, अमेरिकन, तिच्याकडे वळला. "तू शूट करशील?"

मी मनात म्हटलं, आली गं बाई तुझी वेळ!

ती म्हणाली, "नाही, नाही. माझी अजून तेवढी तयारी नाही."

मला लगेच कळलं. आपल्याकडे नाही का, "अजून एक पोळी वाढू?" म्हटलं की "नको, नको" म्हणायचं, आणि वाढणारीनं हात मागे घ्यायचा नाही? पहिल्या फटक्यात हो म्हणणारा हावरट. त्यांच्यातही तसंच असतं, हे तिनंच मला सांगितलं होतं. ती दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होती. मीही बघत होते.

तो म्हणाला, "ओके." आणि नव्या असिस्टंटला हाक मारली. त्याला फिल्म भरायला हिनंच शिकवलं होतं. तो म्हणाला, "शुअर!" आयत्या बिळावर नागोबा!

लंचला मी तिला व्हॅनमागे गाठलं. "तुला हवं होतं ना?"

"हो."

"मग मुकाट्यानं काय बसलीस? तो जन्मात पुन्हा विचारायचा नाही. जा, तोंडानं सांग त्याला."

स्वतःहून मागायचं म्हणजे तिला लाज सोडल्यासारखंच. तरी गेली. त्याच्यासमोर उभी राहून स्वच्छ म्हणाली, "मला शूट करायचं आहे. मला येतं."

सँडविच चघळत तो म्हणाला, "सकाळी तूच म्हणालीस, तयारी नाही. आता कशावरून मानू तुला येतं?"

वा रे वा! तिचं 'नाही' एका शब्दात पटलं, आणि 'हो' म्हटल्यावर पुरावा हवा. दुपारभर ती त्या नवशिक्याचा फोकस सांभाळत राहिली. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, पण टेक चालू असताना साउंडवालीनं बोलायचं नसतं.

कॅमेरामन काही परत आला नाही, उरलेली फिल्म त्या नवशिक्यानंच शूट केली. पुढे फिल्म दाखवली तेव्हा लोकांनी छायाचित्रणाची तोंडभरून स्तुती केली. पडद्यावर नाव अर्थात त्याचं. पुढची फिल्मही त्यालाच मिळाली, आणि त्याची असिस्टंट कोण? हीच.

फिल्म दाखवली त्या दिवशीच्या पार्टीत कुणीतरी दिग्दर्शकाला विचारलं, तुमच्या युनिटमध्ये बाई कॅमेरामन का नाही? त्यानं मोठ्या मनानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी हिला विचारलं होतं. हिलाच नको होतं."

ती हसली. पाहुण्यांसमोर त्याला खोटं पाडणं तिला जमलं नाही.