नुसता मासा खाणारी तोकिलुपे

तोकिलुपे ऑकलंडहून टोंगाला परतली तेव्हा गावाला एवढंच ठाऊक होतं, की तिच्या पित्ताशयातले खडे काढले. खरं काय ते तिचा नवरा सातेकी आणि शेजारी राहणारी मी, दोघांनाच माहीत होतं. वजन उतरवण्यासाठी तिचं बरंचसं पोट कापून टाकलं होतं; उरलं होतं ते केळ्याएवढं. तिच्या आईचा साखरेच्या आजारात आधी पाय गेला, मग ती गेली. लेकीची साखरही त्याच वाटेनं निघाली होती. पण हे सासूला, कालोलाइनेला, सांगायचं धाडस तिला होईना. चर्चच्या मेजवानीत जिनं भाजलेले कंद सगळ्यांत आधी संपतात, तिच्याच सुनेनं पोट कापून घेतलं हे तिला कुठल्या तोंडानं सांगणार?

तशी ती मोठ्यानं हसणारी, मोकळी बाई. शाळेत मी शिकवायचे त्या वर्गात होती तेव्हा दुसऱ्यांच्या डब्यातलं हक्कानं उचलायची आणि स्वतःचा डबा त्याहून जास्त वाटून टाकायची. लपवाछपवी तिला जमत नसे.

सुरुवातीचे आठवडे सूप आणि पातळ पेजेवर गेले. नुकतंच ऑपरेशन झालंय म्हणून कुणी काही बोललं नाही. पंचाईत झाली ती घट्ट अन्न सुरू झाल्यावर. डॉक्टरांनी बजावलं होतं, आधी मासा, अंडं, कोंबडी. लहान घास, भरपूर चावून, आणि जेवताना पाणी नाही. जागा उरली तरच कंद. जागा उरायचीच नाही. आणि आम्हा टोंगाच्या माणसांचं जेवण म्हणजे कंद. मासा हे तोंडीलावणं. कंद बाजूला सारून नुसतं तोंडीलावणं खाण्याला आम्ही ‘हामू’ म्हणतो. लहान मुलानं तसं केलं तर हातावर चापट बसते.

एका सकाळी कालोलाइने कुंपणापाशी आली.

“मास्तरीणबाई, तुमची विद्यार्थिनी हामू करते हो.”

“भूक कमी झाली असेल.”

“मग माझ्या कोंबड्यांची अंडी कुठं जातात? परवा न्हाणीघरामागं उभी राहून उकडलेलं अंडं चावत होती. मला बघून पाठ फिरवली! आणि जेवताना पाण्याला हात लावत नाही. माझ्या घरचं पाणीसुद्धा चालेनासं झालं का?”

“तसं नसेल गं.”

“तुम्हाला माहितीये काहीतरी. खोटं बोलताना तुम्ही चष्मा पुसता.”

मी चष्मा डोळ्यांवर चढवला.

त्या घरात आता दोघीही एकमेकींच्या ताटावर नजर ठेवून असायच्या. सूपला डॉक्टरांनी मना केलेल्या नारळाच्या दुधाचा वास आला की तोकिलुपे विचारायची, “आई, यात काय घातलंय?”

“काय घालणार? विष?”

मग एका रविवारी प्रार्थनेनंतर अंगणातली जमिनीखालची भट्टी उघडली. मीही जेवायला होते. कालोलाइनेनं कोनफळाचा भलामोठा तुकडा स्वतःच्या हातानं सुनेच्या ताटात ठेवला.

“खा. माझ्यासमोर.”

सासूच्या हातचं नाकारता येत नाही. तोकिलुपेनं घाईघाईनं दोन घास गिळले. तिसरा छातीत अडकला. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, आणि ती तोंडावर हात धरून बाहेर धावली. मागोमाग आम्ही.

तिची उलटी थांबली तशी कालोलाइनेनं तिच्या पोटाकडे बघितलं. “कितवा?”

“आई, मी सेहेचाळीस वर्षांची आहे!”

“म्हणून तर विचारते. कुणाचं?”

“आई!” सातेकी ओरडला.

तोकिलुपे भिंतीला टेकून खाली बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. कालोलाइनेनं पहिलं विचारलं ते एवढंच:

“कापलेला तुकडा कुठंय?”

“तिकडंच. दवाखान्यात.”

“अंगाचा तुकडा परमुलखात टाकून आलीस, आणि इथं मी खड्यांसाठी प्रार्थना करत होते? सगळ्या बायकांना गुडघ्यांवर बसवून? देवालासुद्धा खोटं सांगायला लावलंस मला!”

“तुम्ही जाऊ दिलं नसतं.”

“नसतंच दिलं. आणि हे असं किती दिवस?”

“कायमचं. मासा, अंडं आधी पोटात गेलं नाही तर अंगात ताकद राहणार नाही, आई.”

कालोलाइने आत गेली. तिनं सुनेचं ताट उचललं.

पुढच्या रविवारी सातेकीच्या आत्याकडे, अनापेसीकडे, जेवण होतं. त्या घरात आत्याचा मान सगळ्यांत मोठा, आणि जिभेला धार. आता कालोलाइने सगळ्यांदेखत सुनेचं काय करते, याची मला धास्ती होती. ती सुनेला अगदी खेटून बसली. अनापेसी पाद्रीबाबांना वाढायला वळली, तसा तोकिलुपेच्या ताटातला कंद अलगद सासूच्या ताटात गेला.

“तोकिलुपे, एवढ्यात संपलं?” अनापेसीनं डोळे बारीक केले. “गिळलंस की लपवलंस?”

“मी बघितलं ना. सगळं खाल्लं तिनं,” कालोलाइने भरल्या तोंडानं म्हणाली, तेही पाद्रीबाबांसमोर. मग सुनेकडे न बघता, हळू आवाजात, “तू मासा चाव नीट. आणि घरी गेलो की तो डॉक्टर काय काय म्हणाला ते पहिल्यापासून सांगायचं. अजून काय दडवलंयस, ते काढतेच मी बाहेर.”

तोकिलुपे मान खाली घालून चावत राहिली.