धानाची पावडर

चंद्रभागाबाईच्या तोंडाला अख्खी दिघोरी वचकून असे. धानाच्या रोवणीत तिच्यासमोर बायकांची गप्पा मारायची हिंमत होत नसे. एकोणऐंशीच्या थंडीत एका सकाळी ती विरजण मागायला शेजारच्या जागेश्वरकडे गेली आणि अंगणातच थबकली. तो वाटीभर जवसाच्या तेलात धानावर मारायची पावडर कालवत होता. पुढ्यात त्याची चार वर्षांची पोर बसलेली, अंगभर खरूज, गरम पाण्यानं नुकतीच न्हालेली.

"ठेव ते वाटी खाली!"

"काकी, दवाखान्यातलं मलम तीन दिवस लावलं. खाज जाऊनच नाही राहिली. या पावडरनं धानाची कीड मरते, तं खरजेचे किडे काहून नाही मरणार?"

"मलम एकट्या पोरीले लावलं ना? अन् तू, तुही बायको, म्हातारी, सारेच खाजवून राहिले! साऱ्यांनी एकाच दिवशी लावा, गळ्यापासून तळपायापर्यंत. कपडे, चादरी उकळा. किडे मेले तरी खाज जायले दिवस लागते."

"तुमाले डॉक्टरपेक्षा जास्त समजते का?" असं म्हणत जागेश्वरनं बोटं तेलात बुडवली आणि पोरीच्या पाठीकडे नेली.

चंद्रभागाबाईनं त्याचं मनगट घट्ट धरलं. आवाज मात्र एकदम खाली आला.

"माह्या पोराले, मोतीले, म्या हेच लावलं होतं. दुपारी झटके आले. दवाखान्यात नेईस्तोवर गेला."

जागेश्वरचा हात तिथंच थांबला. मोती तापानं गेला, असं ती बारा वर्षं साऱ्या गावाला सांगत आली होती.