शेवट सांगायचा नाही

वाचनालयातल्या त्या कार्यक्रमाला काशम्माला मीच हाताला धरून नेलं होतं, त्यामुळे पुढं जे झालं त्याचा पहिला धक्का मलाच बसला. चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलेली बाई मी, सहसा गडबडत नाही. पण त्या दिवशी गडबडले.

आधी काशम्मा कोण ते सांगते. सोलापुरात होटगी रोडला आमची सोसायटी आहे. वरच्या मजल्यावर मी, निवृत्त मास्तरीण, एकटी. माझ्या घराच्या बरोबर खाली रेवणप्पा आणि काशम्मा. रेवणप्पा मार्केट यार्डात कांद्याच्या अडतीवर होते, आता घरीच असतात. कपाळाला विभूती, अंगात पांढरा सदरा, आवाज कधी चढलेला ऐकला नाही. काशम्मा कर्नाटकातल्या आळंदकडची. शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. मराठी फडाफडा बोलते, पण मराठी पुस्तक हातात दिलं तर अक्षराला अक्षर जोडेपर्यंत भाजी करपते. आणि तरीही आमच्या सोसायटीत तिच्याइतकी पुस्तकं पचवलेलं दुसरं माणूस नाही.

कारण रेवणप्पा. दुपारचा चहा झाला की ते पुस्तक उघडतात, एक पान मनात वाचतात आणि तिला कानडीत सांगतात. मग पुढचं पान. ती शेंगा सोलत, डाळ निवडत ऐकते. वाचनालयाचं कार्ड रेवणप्पांच्या नावावर, पण पुस्तक चार घरं फिरतं. आधी त्यांचं घर, मग माझं, मग बाकीच्यांचं. या फिरण्याला नियम एकच, आणि तो रेवणप्पांनी घातलेला: शेवट सांगायचा नाही. ज्याचा त्यानं गाठायचा. मला हा नियम फार आवडला होता. म्हटलं, बघा, अडतीवरचा माणूस पण रसिक किती!

शेवट सोडून बाकी सगळ्यावर काशम्माचं मत असायचं, आणि ते जिन्यात गाठून ऐकवायची. हल्लीची पुस्तकं तर तिला रोज नवा धक्का द्यायची. एका मोठ्या उद्योगपतीचं, मी शून्यातून कसा उभा राहिलो असलं पुस्तक आणलं होतं. चार दिवसांनी काशम्मा कमरेवर हात ठेवून उभी. "बाई, ह्या माणसाची बायकू कुटं हाय? अर्धं पुस्तक झालं, अजून दिसंना. मग ह्याला जेवाय कोण घालतंय?" मी तेच पुस्तक दोन वेळा वाचलं होतं आणि मला हा प्रश्न पडला नव्हता. पुराणातली राणी स्वतःची कैफियत मांडते, अशी एक जाडजूड कादंबरी इंग्रजीतून मराठीत आली होती. त्यावर हिचं म्हणणं, "एवढं बोलायचं हुतं तर तवाच बोलायचं की. आता सगळे मेल्यावर काय उपेग?" कॉलेजातल्या पोरापोरींच्या कादंबरीत रेवणप्पा मधेच गप्प व्हायचे, दोन पानं उलटायचे. मग ती मला विचारायची, "बाई, मधी काय झालं सांगा की. आमचे लाजत्यात." खुनाच्या गोष्टीत खुनी तिला पहिल्या दिवशी कळायचा. जो सगळ्यांना आग्रह करून चहा पाजतो तोच, हे तिचं ठाम मत, आणि बऱ्याचदा ते खरं निघायचं. पुढच्या काळातलं बुडालेलं शहर दाखवणारी एक विज्ञानकथा होती. त्यावर सोलापूरची बाई दुसरं काय म्हणणार? "एवढं पाणी आलं कुटनं म्हणायचं?"

एक गोष्ट मात्र मला उमगत नव्हती. काही पुस्तकं अशी असायची की माझं दोन दिवस जेवणावर मन नसायचं. तीच ऐकून काशम्मा खुशाल गाणं गुणगुणत भाकऱ्या थापायची. "पुस्तकं ऐकाय लागल्यापास्नं जिवाला गार वाटतंय," म्हणायची. मी समजले, बाईचं काळीज घट्ट आहे. आणि ते घट्टच असणार, असं मला वाटायला कारणही होतं.

त्यांची एकुलती मुलगी सिद्धेश्वरी सात वर्षांपूर्वी घर सोडून गेली. गेली म्हणजे लग्न करून गेली, गावाच्या पूर्व भागातल्या एका विणकर घरातल्या अंबादास नावाच्या मुलाशी. मुलगा पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारा. मुलगा चांगला, नोकरी चांगली, पण आपल्यातला नाही. त्या दिवशी रेवणप्पा दारात उभे राहिले आणि शांतपणेच म्हणाले, "जातीस तर जा. पण आमी बोलवाय येणार न्हाय. यायचं तर आपल्या पायानं ये." तिनं एकदा आईकडं पाहिलं आणि ती जिना उतरली. आमच्या सोसायटीपासून तिचं घर रिक्षानं किती लांब? एका सिग्नलला जरा जास्त थांबावं लागलं तर अर्धा तास. एकाच गावात मायलेकी सात वर्षं एकमेकींना दिसल्या नाहीत. काशम्मा वाट बघत होती. रोज, न बोलता, अगदी खात्रीनं वाट बघत होती. ती खात्री तिला कोण पुरवत होतं, हे मला त्या कार्यक्रमात कळलं.

कार्यक्रम साधा होता. हल्लीच्या आवडलेल्या पुस्तकांवर वाचकांनी पाच मिनिटं बोलायचं. मी काशम्माचं नाव दिलं. ती इरकल नेसून आली, माईकला घाबरली नाही, आणि उद्योगपतीच्या बायकोचा प्रश्न विचारून तिनं सगळं सभागृह हसवलं. रेवणप्पा मागच्या रांगेत बसले होते. मी आपली कौतुकानं इकडंतिकडं बघतेय, बघा आमची शेजारीण! शेवटी ती एका नव्या कादंबरीवर आली. तीही एका आईची आणि घर सोडून गेलेल्या तिच्या मुलीची. आमच्या चारी घरांतून फिरून ती नुकतीच परत रेवणप्पांकडं गेली होती.

"आमच्यात शेवट सांगायचा न्हाय म्हणत्यात," काशम्मा म्हणाली, "पण आज मोडते नियम. लई ग्वाड शेवट हाय. आई थकलेली असती. एक दिवस दार वाजतंय. उगडून बगती तर पोरगी! हातात पिशवी. म्हणती, आई, भूक लागलीया. झालं, तितं पुस्तक संपतंय."

तिनं डोळे पुसले. टाळी मात्र वाजली नाही. निम्म्या लोकांनी ते पुस्तक वाचलं होतं. मीही वाचलं होतं. पहिल्या रांगेतली उत्कर्षा नावाची कॉलेजची मुलगी, बिचारी सरळ मनाची, म्हणाली, "काकू, पण ती येतच नाही ना शेवटी?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"येती की," काशम्मा म्हणाली. "मी ऐकलंय. आमच्या ह्यांनी वाचून सांगितलंय." आणि तिनं मागच्या रांगेकडं पाहिलं. रेवणप्पांची मान खाली होती. ती वर येईना. कांद्याच्या ढिगात उभं राहून शेतकऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलणारा हा माणूस, आणि त्याला बायकोकडं बघवेना. काशम्मानं माईक हळूच टेबलावर ठेवला आणि ती खाली उतरली.

घरी पोचलो. मी माझ्या जिन्याकडं वळले तर तिनं माझा दंड धरला. "बाई, तुमी बसा. तुमी वाचलंय न्हवं?" मग कपाटावरचं पुस्तक आणून नवऱ्याच्या हातात दिलं. "शेवटचं पान सांगा. हाय तसं. चुकला तर बाई सांगतील." ते दोघं कानडीत बोलत होते. मला बोलता येत नसलं तरी इतक्या वर्षांच्या शेजारानं सगळं कळतं.

रेवणप्पांनी चष्मा लावला. शेवटचं पान काढलं. ते सांगू लागले. आई रोज दिवेलागणीला दार उघडं ठेवते. पोरगी येत नाही. मग लेखिका आपल्याला मुलीच्या घरी नेते. तिथं मुलगीही रोज दार उघडं ठेवून बसलेली असते. आई आज तरी येईल म्हणून. दोन्ही घरांची दारं उघडी, आणि कुणीच उठत नाही.

"एवढंच?" काशम्मानं मला विचारलं. मी होकारार्थी मान हलवली.

"ती पोरगी पण वाट बगत हुती?"

"व्हय," रेवणप्पा म्हणाले.

मी इतका वेळ काशम्मा रडेल म्हणून पदर सावरून बसले होते. ती रडली नाही. ती चौकशी करू लागली. "आणि ती विज्ञानाची? शहर सोडून गेलेली पोरगी?"

"ती पण येत न्हाय."

"तुमी तर परत आणली हुती की तिला. बुडालेल्या गावात!"

"होडीनं," रेवणप्पा पुटपुटले. देवाशपथ सांगते, मला हसू फुटत होतं आणि त्याच वेळी घाम.

"आणि त्या बाईनं सोताची जिंदगी लिवली हुती, ती?" ते एका बाईचं आत्मचरित्र, तिचीही लेक घर सोडून गेलेली. रेवणप्पांनी हातातलं पुस्तक मिटलं. काशम्मा ताडकन उठली. "ती तर खरीखुरी बाई हाय! जिती हाय! तिचा पण शेवट बदलला तुमी?"

आता सगळं जुळलं. खुनाची पुस्तकं त्यांनी जशीच्या तशी सांगितली होती. पण जिथं जिथं पोरगी घर सोडून जायची, तिथं तिथं या शांत माणसानं तिला परत आणून दारात उभं केलं होतं, आणि कुणाच्या तोंडून खरं बाहेर पडू नये म्हणून आम्हाला तो रसिकतेचा नियम घालून दिला होता. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं?

"पैल्या पुस्तकाचं खरं सांगितलं हुतं तुला," ते म्हणाले. "सिद्धी गेली त्या साली. तू दोन दिवस ताटावर बसली न्हाईस. मला बगवंना. म्हणून..."

"त्या दोन दिवसांत मी काय म्हणत हुते?" तिनं विचारलं. रेवणप्पा पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवत राहिले. तेव्हा तीच म्हणाली, "म्हणत हुते, चला, जाऊन येऊ. तुमी म्हणला, थांब, येईल ती. आणि मग पुस्तकातल्या सगळ्याच यायला लागल्या. मी रडू नये म्हणून न्हाय बदलला तुमी शेवट. तुमाला जावं लागू नये म्हणून बदलला."

इतकं स्पष्ट बोलणं त्या घरात कधी झालं नसेल. मला वाटलं, आता हा माणूस चिडेल, निदान उठून आत तरी जाईल. रेवणप्पांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "व्हय." नुसतं व्हय. सात वर्षं बायकोला फसवलं त्याचा राग होताच माझ्या मनात, पण तो 'व्हय' ऐकून मला त्यांच्याकडं बघवेना. आई, भूक लागलीया, हे वाक्य त्या पुस्तकात कुठंच नाही. ते त्यांनी स्वतःच्या मनानं रचलं होतं.

काशम्मानं पदर खोचला. "चपला घाला," ती म्हणाली. "बाई, तुमी पण चला. मदीच पाय थांबला तर ढकला मला."

सात रस्ता चौकातून रिक्षा पूर्व भागाकडं निघाली. पत्ता माझ्याकडं आहे, असं मी म्हणणार तेवढ्यात रेवणप्पाच रिक्षावाल्याला सांगू लागले. अशोक चौकातून पुढं, त्या पानाच्या टपरीला डावीकडं, मग कारखान्याच्या भिंतीला लागून आत, जरा हळू, खड्डा आहे. काशम्मा त्यांच्याकडं बघतच राहिली. घराच्या अलीकडचा खड्डा पाठ असलेला माणूस! म्हणजे हा इथवर येऊन परत फिरला होता, आणि किती वेळा ते त्याचं त्यालाच ठाऊक.

गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट चालला होता. रेवणप्पा रिक्षातून उतरले आणि तिथंच दांडीला धरून उभे राहिले. काशम्मा पुढं झाली. तिनं दार वाजवलं, मी मागं दोन पावलांवर. दार सिद्धेश्वरीनंच उघडलं. अंगानं भरलेली दिसत होती, केसात एखाददुसरी पांढरी बट. हाताला कणीक.

वाचलेल्या पुस्तकांमधले सगळे शेवट माझ्या डोळ्यांपुढून गेले. आता गळ्यात पडेल. आता दार लावेल. आता विचारेल, इतक्या वर्षांनी कशाला आलीस?

तिनं यातलं काही केलं नाही. आईला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. कणकेचा हात तसाच तोंडावर गेला.

"अव्वा," ती म्हणाली, "अप्पा कधी गेले?"

सात वर्षं त्या मुलीनं हेच धरून ठेवलं होतं, की आई आपल्या दारात आलीच तर ती फक्त ही एक बातमी घेऊन येईल. मागांच्या आवाजातही तिचं बोलणं गल्लीत स्वच्छ ऐकू गेलं. रेवणप्पांनाही गेलं.

काशम्मा नुसती दारातून बाजूला झाली, लेकीला रिक्षापाशी उभा असलेला बाप दिसावा म्हणून.